पहिलं पुस्तक किनाऱ्याचं घ्या



हाफ-टर्म जवळ आली की आपल्याकडच्या अनेक घरांत एक ठरावीक प्रश्न निघतो. घरात एखादं डायनोसॉरवेडं पोर असतं. टी-रेक्सपासून ट्रायसेराटॉप्सपर्यंत सगळी नावं त्याला पाठ असतात, आणि एके दिवशी ते विचारतं, "खरा जीवाश्म मला कुठे सापडेल?" मग आईबाबा मोबाइल उघडतात, 'फॉसिल्स' असं शोधतात, सगळ्यात चकचकीत मुखपृष्ठाचं पुस्तक मागवतात, जोडीला एक हातोडी मागवतात आणि गाडी समुद्राकडे निघते. संध्याकाळी परत येताना पिशवीत दहा-बारा दगड असतात. त्यातला एकही पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. पोर हिरमुसतं, पुस्तक कपाटात जातं आणि हातोडी शेडमध्ये.

आज त्याबद्दलच बोलायचं आहे. जीवाश्म गोळा करायला नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं पुस्तक कोणतं घ्यावं, नकाशा कुठे पाहावा, मदतीला माणसं कुठे भेटतील आणि हे सगळं जिवाला धोका न होता कसं करावं. थोडक्यात सांगायचं तर, ज्या किनाऱ्यावर जाणार आहात त्या किनाऱ्याचं पुस्तक आधी घ्या. जगभरच्या जीवाश्मांचं पुस्तक मागाहून घेता येईल.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी भारतात असताना जीवाश्म हातात धरलेलाच नसतो. त्याला कारण आहे आपला सह्याद्री. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिथे लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले. तापलेल्या लाव्ह्यात शिंपले आणि मासे कसे टिकणार? आपले किल्ले, घाट, लेणी सगळं त्याच दगडात आहे. त्यामुळे शंभर किल्ले चढलेल्या माणसालाही जीवाश्म दिसलेला नसतो. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात जिथे तळी साचली, त्या तळ्यांच्या गाळात मात्र काही जीव राहिले. शिवाय पूर्व विदर्भात लाव्ह्याहून जुने गाळाचे खडक उघडे आहेत. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ वडधम इथे जीवाश्म उद्यान आहे, ते याच पूर्वेकडच्या पट्ट्यात.

तरी एक जीवाश्म आपल्या ओळखीचा आहे, आणि तोही थेट देवघरातला. शाळिग्राम. नेपाळातल्या काली गंडकी नदीत मिळणाऱ्या या काळ्या गोट्यांच्या आत जे चक्र दिसतं, तो अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा असतो. हा प्राणी आजच्या माकूळ आणि ऑक्टोपसचा नातेवाईक. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे जो समुद्र होता, त्यात तो पोहत असे. हाच अमोनाइट इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये व्हिटबीच्या किनाऱ्यावर भरपूर सापडतो. तिथल्या लोकांनीही त्याची गोष्ट रचली. संत हिल्डा यांनी गावातल्या सापांचे दगड केले, ते हे दगड. पूर्वी तिथले कारागीर अमोनाइटला सापाचं डोकं कोरून विकत असत. व्हिटबीच्या मानचिन्हावर आजही अशा तीन सर्पशिळा आहेत, आणि तिथल्या एका अमोनाइटचं शास्त्रीय नाव हिल्डोसेरस असं आहे. तेव्हा मुलांना सांगायला सुरुवात कुठून करावी असा प्रश्न असेल, तर आजीच्या देवघरातल्या शाळिग्रामापासून करा. तिथून व्हिटबी फार लांब नाही.

आता पुस्तकांकडे येऊ. किनाऱ्याचं पुस्तक आधी का, हे समजायला विल्यम स्मिथ या माणसाची ओळख हवी. हा लोहाराचा मुलगा, पुढे कालव्यांची आखणी करणारा मोजणीदार झाला. कालवे खणताना त्याच्या लक्षात आलं की खडकांचे थर ठरावीक क्रमानं येतात आणि प्रत्येक थरातले जीवाश्म वेगळे असतात. वरवर सारखे दिसणारे दोन चिकणमातीचे थर त्यातल्या शंखांवरून वेगळे ओळखता येतात. याच्याच आधारावर त्यानं १८१५ साली इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा मोठा भूशास्त्रीय नकाशा छापला. आज दोनशेहून अधिक वर्षांनीही गोष्ट तीच आहे. तुम्ही कोणत्या थरावर उभे आहात हे कळलं, की काय सापडू शकतं याची यादी हजारोंवरून पाच-पन्नासावर येते. आणि नवशिक्याला पन्नास पुरेत.

बाजारात साधारण तीन प्रकारची पुस्तकं मिळतात.

पहिला प्रकार, जगभरच्या जीवाश्मांचं सचित्र पुस्तक. सिरिल वॉकर आणि डेव्हिड वॉर्ड यांचं डीके प्रकाशनाचं 'फॉसिल्स' हे त्यातलं चांगलं उदाहरण. रंगीत फोटो सुरेख आहेत. बेलेम्नाइट कशाला म्हणतात, समुद्री लिली म्हणजे काय, त्रिखंडी कसे असतात, हे मोठे गट समजायला ते उपयोगी पडतं. पण त्यात मोरोक्को, अमेरिका, जर्मनी सगळीकडचे नमुने असतात, आणि तेही संग्रहालयात ठेवण्याजोगे. तुम्हाला डॉर्सेटच्या वाळूत सापडलेला अर्धा तुकडा त्यात शोधणं म्हणजे जगाच्या फोन डिरेक्टरीत आपल्या गल्लीतल्या दुकानदाराचा नंबर शोधण्यासारखं आहे.

दुसरा प्रकार, एका देशाच्या जीवाश्मांचं. इथे नॅचरल हिस्टरी म्युझियमची तीन पुस्तकं प्रसिद्ध आहेत: 'ब्रिटिश पॅलिओझोइक फॉसिल्स', 'ब्रिटिश मेसोझोइक फॉसिल्स' आणि 'ब्रिटिश सीनोझोइक फॉसिल्स'. पहिल्यांदा निघाली ती १९५९ ते १९६४ या काळात, आणि पुढे अनेकदा छापली गेली. यात फोटो नाहीत, हातानं काढलेली चित्रं आहेत, आणि हाच त्यांचा गुण आहे. फोटोत सावली पडते, मातीचा डाग दिसतो. चित्रकार मात्र ओळख पटवणारी रेघ, कंगोरा, गाठ तेवढीच स्पष्ट दाखवतो. तिन्ही एकदम घेऊ नका. डॉर्सेट किंवा यॉर्कशायरला जाणार असाल तर मेसोझोइक घ्या. केंट-एसेक्सच्या लंडन क्लेवर जाणार असाल तर सीनोझोइक. वेल्सच्या जुन्या खडकांकडे किंवा कोळशाच्या पट्ट्यात जाणार असाल तर पॅलिओझोइक. जुनी प्रत चॅरिटी शॉपमध्ये किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली तरी बिनधास्त घ्या. काही शास्त्रीय नावं आता बदलली आहेत, चित्रं बदललेली नाहीत.

तिसरा प्रकार, एका किनाऱ्याचं किंवा एका थराचं पुस्तक. माझा आग्रह यासाठी आहे. व्हिटबीला जाणाऱ्यांसाठी डीन लोमॅक्स यांचं 'फॉसिल्स ऑफ द व्हिटबी कोस्ट' आहे. फोटो आहेत, भाषा सोपी आहे, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एकट्यानं वाचता येईल. पॅलिऑन्टॉलॉजिकल असोसिएशनची एक मालिका आहे, तिच्यातली पुस्तकं एकेका थराला वाहिलेली आहेत: 'फॉसिल्स ऑफ द चॉक', 'फॉसिल्स ऑफ द ऑक्सफर्ड क्ले', 'फॉसिल्स ऑफ द गॉल्ट क्ले', 'फॉसिल्स ऑफ द लोअर लायस ऑफ द डॉर्सेट कोस्ट'. ही जरा अभ्यासकांच्या भाषेत आहेत, किंमतही थोडी चढी असते. त्यामुळे पहिल्या सहलीपूर्वी विकत घेण्याची घाई करू नका. आपल्या भागातल्या लायब्ररीत विचारा. तिथे नसलं तर दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. आणि किनाऱ्यावरच्या माहिती केंद्रात काही पौंडांत छोट्या पुस्तिका मिळतात. पहिल्या दिवसाला तेवढी पुस्तिका पुष्कळ झाली.

पुस्तक हातात आलं की चार गोष्टी तपासा. एक, चित्राखाली मोजपट्टी किंवा आकार दिला आहे का? बोटाएवढा शंख आणि ताटाएवढा शंख पानावर सारखेच दिसतात. दोन, थरांचा उभा छेद दिला आहे का, म्हणजे कोणता थर खाली, कोणता वर, आणि कशात काय सापडतं? तीन, तुटके, झिजलेले नमुने दाखवले आहेत का? आपल्याला सापडणार ते तसेच. चार, पुस्तक कधी छापलं? ओळख पटवण्यासाठी जुनं पुस्तक चालतं, पण वाट शोधण्यासाठी चालत नाही. इथले कडे दरवर्षी ढासळतात. तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकात 'इथून खाली उतरा' असं लिहिलेली पायवाट आज हवेत संपत असू शकते.

पुस्तकाच्या जोडीला नकाशा हवा, आणि तो फुकट आहे. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या संकेतस्थळावर पूर्ण ब्रिटनचा भूशास्त्रीय नकाशा पाहता येतो. किनाऱ्यावर बोट ठेवा, थराचं नाव आणि वय समोर येतं. आधी स्वतःच्या घरावर बोट ठेवून पाहा, मुलांना मजा वाटते. आपण राहतो त्या घराखाली कधी समुद्र होता, कधी वाळवंट, हे पत्त्यासकट कळतं. त्याच संस्थेनं इतर संग्रहालयांच्या मदतीनं 'जीबी थ्रीडी' नावाचा संग्रह उघडला आहे. एखाद्या जातीला नाव देताना जो मूळ नमुना प्रमाण मानला, त्याची त्रिमितीय प्रतिमा तिथे फिरवून बघता येते. हातातल्या तुकड्याला दुसरी बाजू कशी असेल हे तिथे कळतं.

समजा, पहिली सहल डॉर्सेटला चारमथची ठरवली. एक्समथपासून स्टडलंडपर्यंतचा हा सुमारे ९५ मैलांचा किनारा २००१ पासून जागतिक वारसा आहे, आणि चारमथचे खडक साधारण १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीचे. आदल्या रात्री मुलांबरोबर बसून फक्त पाच गोष्टी शिका. बेलेम्नाइट, बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार, हा बहुधा सगळ्यात आधी सापडतो. अमोनाइट, इथे बरेचदा पायराइटचा, म्हणून पितळेसारखा चमकणारा आणि नाण्याहूनही लहान. ग्रिफिया, वाकड्या नखासारखा जाड शिंपला, इथले लोक त्याला सैतानाच्या पायाचं नख म्हणतात. समुद्री लिलीच्या देठाचे चांदणीच्या आकाराचे तुकडे. आणि पाचवं, नशीब असेल तर, इक्थिओसॉरचा मणका, कॅरमच्या सोंगटीसारखा गोल पण दोन्ही बाजूंनी खोलगट. या पाच आकृत्या डोळ्यांत बसल्या की किनाऱ्यावरचे लाखो दगड आपोआप मागे सरतात.

दुसऱ्या दिवशी सरळ पाण्याकडे धावू नका. आधी चारमथचं हेरिटेज कोस्ट सेंटर पाहा. तिथे खरे नमुने हाताळायला मिळतात आणि मार्गदर्शकांबरोबर किनाऱ्यावर फेऱ्या निघतात. लाइम रेजिसचं संग्रहालय जवळच आहे. मेरी ॲनिंगचं घर जिथे होतं त्याच जागेवर ते उभं आहे. सुताराची ही मुलगी जीवाश्म विकून घर चालवायची. १८११-१२ मध्ये, बारा वर्षांची असताना, भावाच्या मदतीनं तिनं इक्थिओसॉरचा सांगाडा शोधला, आणि १८२३ मध्ये पहिला पूर्ण प्लेसिओसॉर. विद्वान तिच्याकडून नमुने घेत, पण लेखात तिचं नाव फारसं येत नसे. तिचा पुतळा गावात उभा राहायला २०२२ साल उजाडलं.

मेरीची एक हकिगत मुलांना नक्की सांगा. तिच्याबरोबर ट्रे नावाचा कुत्रा असायचा. १८३३ मध्ये दरड कोसळून तो तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ती स्वतः थोडक्यात वाचली. आयुष्यभर तो कडा ओळखणाऱ्या बाईची ही गत, तर एका दिवसासाठी आलेल्या आपल्यासारख्यांनी किती जपावं?

म्हणून नियम ऐका, आणि हे लिहूनच घ्या. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका. ओहोटी सुरू असताना जा आणि पाणी फिरण्याआधी परत या. व्हिटबीजवळच्या काही खाडींत भरतीचं पाणी थेट कड्याच्या पायाशी येतं आणि मागची वाट बंद होते. कड्यापासून लांब राहा, खाली बसून डबा खाण्यासाठी तर मुळीच नको. पावसानंतर दरडी सैल होतात. ओल्या चिखलाच्या घसरणीवर पाय देऊ नका, शेपी बेटावर हा धोका जास्त असतो. अडकलातच तर ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा. हातोडीची पहिल्या सहलीला गरज नाही. पुढे घ्यायची तर भूशास्त्राची खास हातोडी घ्या, घरातली खिळे ठोकायची नको, तिचे कपचे उडतात. आणि डोळ्यांवर गॉगल हवाच.

कड्यात हातोडी मारायची नाही हा नियम सुरक्षेसाठी आहे तसा कायद्यासाठीही आहे. पश्चिम डॉर्सेटच्या किनाऱ्यासाठी जीवाश्म गोळा करण्याची आचारसंहिता आहे. वाळूत, गोट्यांत सुटा पडलेला जीवाश्म उचलायला हरकत नसते. नाही उचलला तर लाटा त्याची वाळू करतात. कड्यात रुतलेला मात्र परवानगीशिवाय काढायचा नाही. शास्त्राच्या दृष्टीनं महत्त्वाचं काही सापडलं तर चारमथच्या केंद्रात त्याची नोंद करायची असते. ग्लासगो-एडिनबराकडच्या श्रोत्यांसाठी स्कॉटलंडची स्वतःची जीवाश्म संहिता आहे. स्काय बेटावरच्या महत्त्वाच्या डायनोसॉर-स्थळांना तर २०१९ च्या आदेशानं संरक्षण दिलेलं आहे, तिथे बघा, फोटो काढा, उचलू नका. इतरत्र जागा कोणाची आहे आणि ती संरक्षित आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

नियमानं वागल्यानं आनंद कमी होत नाही, याचं एक छान उदाहरण आहे. २०२१ मध्ये वेल्समध्ये बॅरीजवळच्या किनाऱ्यावर वडिलांबरोबर फिरणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला खडकावर एक पावलाचा ठसा दिसला. जेमतेम दहा सेंटिमीटरचा. कुटुंबानं फोटो काढले, तज्ज्ञांना कळवलं. तो निघाला सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरचा. रीतसर परवानगी घेऊन तो काढण्यात आला आणि कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. त्या छोटीनं हातोडी उचलली नाही. तिनं फक्त नीट बघितलं.

एकट्यानं जायची भीती वाटत असेल, तर माणसं आहेत. जिऑलॉजिस्ट्स असोसिएशन ही संस्था १८५८ पासून चालू आहे आणि हौशी माणसांना तिचं दार उघडं आहे. मुलांसाठी तिचा रॉकवॉच नावाचा क्लब आहे. 'यूके असोसिएशन ऑफ फॉसिल हंटर्स' ही संस्था देशात ठिकठिकाणी मार्गदर्शकांसह सहली काढते. अनुभवी माणसाबरोबरचा एक दिवस तीन पुस्तकांच्या बरोबरीचा असतो, कारण तो तुमच्या हातातला दगड पाहून सांगतो, हा बेलेम्नाइट, आणि हा नुसताच दगड.

आपल्याकडे एक सवय असते. कोणताही छंद म्हटला की आधी विचारतो, याचा कोर्स कुठला, सर्टिफिकेट मिळतं का. या क्षेत्रात तो प्रश्न बाजूला ठेवा. विल्यम स्मिथ मोजणीदार, मेरी ॲनिंग सुताराची मुलगी. आणि आजच्या काळातले स्टीव्ह एचेस हे व्यवसायानं प्लंबर. त्यांनी किमरिजच्या किनाऱ्यावर अनेक वर्षं गोळा केलेल्या जीवाश्मांसाठी २०१६ मध्ये तिथे स्वतंत्र संग्रहालय उघडलं. या देशातल्या जीवाश्मशास्त्रात हौशी माणसांचा वाटा फार मोठा आहे. त्यात आपली मुलं का नसावीत?

मात्र हौशी माणसाच्या कामाला किंमत येते ती एका छोट्या कागदामुळे. तो कागद म्हणजे चिठ्ठी. जीवाश्म घरी आणला की त्याच दिवशी त्याबरोबर लिहून ठेवा: कुठे सापडला, शक्य तर नकाशावरच्या ग्रिड क्रमांकासह, कोणत्या तारखेला, वाळूत सुटा होता की पडलेल्या दरडीच्या ढिगात, कोणाला सापडला. नाव कळलं नाही तरी चालेल, नाव दहा वर्षांनी कळू शकतं. जागा मात्र विसरली की विसरली.

याला आपल्या मातीतला पुरावा आहे. मुंबईत दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. ते लंडनला आले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन छापलं. नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं तिथलं कॉलेज आहे, त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी टाकळी आणि आसपासच्या गावांतले शंख, बिया, लाकडं गोळा केली. त्यावरचा त्यांचा लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. हे दोघंही व्यवसायानं भूशास्त्रज्ञ नव्हते. तरी आजचे अभ्यासक नागपूरच्या त्या थरांबद्दल लिहिताना त्यांच्यापासून सुरुवात करतात, कारण काय कुठे सापडलं हे त्यांनी लिहून ठेवलं. चिठ्ठी नसती तर तो लंडनच्या एखाद्या खोक्यातला बिनगावाचा दगड झाला असता. गाव सोडून आलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. 'मूळचे कुठले?' या प्रश्नाला उत्तर असावं लागतं, माणसालाही आणि दगडालाही.

ठेवण्याबद्दल एक सूचना. चमकणारे पायराइटचे जीवाश्म दमट हवेत कुजतात. पिवळट-पांढरी पूड दिसू लागते, आम्ल तयार होतं आणि ते खालची चिठ्ठीसुद्धा खातं. म्हणून असे नमुने धुऊन पूर्ण वाळवा आणि बंद डबीत ठेवा. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात ना, त्या फेकू नका, या डबीत टाका.

शेवटी, ज्यांना गाडी नाही, किंवा ज्यांच्या घरी वयस्क आईवडील आले आहेत आणि किनाऱ्यावरची चाल झेपणार नाही, त्यांच्यासाठी. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आपली गत व्हायला नको. लंडनमधल्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा दगड पोर्टलंडचा, ज्युरासिक समुद्रातला. जवळून बघा, शिंपल्यांचे काप दिसतात. ग्रीन पार्क स्टेशनच्या बाहेरच्या दगडी बांधकामात तर शंखांच्या पोकळ्या बोटानं चाचपता येतात. डरमच्या कॅथीड्रलमध्ये काळ्या खांबांत पांढरी प्रवाळं आहेत. 'लंडन पेव्हमेंट जिऑलॉजी' नावाच्या संकेतस्थळावर शहरातल्या कोणत्या इमारतीचा दगड कुठला, हे नकाशावर दिलेलं आहे. एका दुपारी आजी-आजोबांना आणि नातवंडांना एकत्र घेऊन निघा. बसचा पास आणि एक भिंग, एवढ्यावर काम भागतं. आग्नेय इंग्लंडमध्ये चॉकच्या पट्ट्यात बाग असेल, तर कुदळ मारताना निघणाऱ्या गारगोट्या उलटून बघा. कधीतरी एखादीवर पाच पाकळ्यांची नक्षी दिसेल. तो समुद्री साळू, म्हणजे सी अर्चिन. मेंढपाळ त्याला मुकुट म्हणत आणि घरी नेऊन ठेवत.

आणि वॉल्टन-ऑन-द-नेझ किंवा शेपीकडे गेलात तर शार्कच्या दातांबरोबर आणखी एक गोष्ट शोधायला सांगेन. शेपीच्या लंडन क्लेमध्ये निपा नावाच्या पामच्या फळांचे जीवाश्म मिळतात. हा पाम आज सुंदरबनात, खारफुटीच्या चिखलात वाढतो. पाच कोटी वर्षांपूर्वी टेम्सच्या मुखाशी तसंच उष्ण, दमट हवामान होतं. जानेवारीच्या लंडनमध्ये हे मुलांना सांगून बघा, विश्वास बसणार नाही. तेव्हा फळ दाखवा.

तर या आठवड्यात एवढं करा. नकाशावर एक किनारा निवडा. त्याचं पुस्तक लायब्ररीत विचारा. पाच आकृत्या पाठ करा. भरतीची वेळ बघा. आणि पिशवीत पेन्सिल आणि कोऱ्या चिठ्ठ्या विसरू नका. काही सापडलं तर कार्यक्रमाला जरूर कळवा, जागेच्या नावासकट.

पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर नमस्कार.